संत्र्यासारखी निळी पृथ्वी

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत बँकेत नोकरी करता, वाचनालयातून फ्रेंच अतिवास्तववादी, म्हणजे तर्क सोडून स्वप्नासारख्या प्रतिमांनी चालणाऱ्या कवितांचा इंग्रजी अनुवाद घरी आणला, त्यातल्या काही कविता मराठीतही वाचल्या, आणि तीन आठवडे झाले तरी धड काही कळलेलं नाही. तरीही त्यातल्या पॉल एल्युआर या कवीची, पृथ्वी संत्र्यासारखी निळी असल्याची ओळ डोक्यातून जात नाही. मग विचारलंय, ‘मला फ्रेंच येत नाही, अर्थही लागत नाही. जे आवडतंय ते कवितेतलं आवडतंय की मला नुसता भास होतोय? अनुवादातून हे वाचण्यात खरंच काही आहे का?’

आहे. मी तीसेक वर्षं कवितांचे अनुवाद करते आहे. फ्रेंच मुंबईत नोकरी करताना संध्याकाळच्या वर्गांत शिकले, निवृत्तीनंतर वेंगुर्ल्याला घरी परतले, आणि आता वाचन-अनुवाद हेच काम. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, एक भाषेचा आणि एक अर्थाचा. ते आधी सोडवून घेऊ, कारण फ्रेंच येत असतं तरी तुम्हाला त्या ओळीचा ‘अर्थ’ लागला नसता. ती ओळ फ्रेंचमध्ये पहिलीतल्या मुलालाही वाचता येईल इतकी सोपी आहे, आणि तिथल्या वाचकालाही तिच्यापुढे तुमच्यासारखंच थबकावं लागतं.

आधी अर्थाचं. शाळेपासून आपल्याला ‘भावार्थ लिहा’ची सवय, आणि ती काही उगीच लागलेली नाही. अचाट प्रतिमांची कविता मराठीत सातशे वर्षांपासून आहे, पण ती बहुतेक कुलूपबंद आहे. मुक्ताबाईंचा अभंग आठवा: मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी. पुढे वांझेला मुलगा होतो, माशी विते आणि तिची घार होते. ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितलं जाणारं ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव’ त्याच जातीचं. ही कूटं आहेत. कीर्तनकार बुवा ती एकेक उलगडून दाखवतात, मुंगी म्हणजे काय, सूर्य म्हणजे काय, आणि श्रोते माना डोलावतात. कुलपाला किल्ली आहे, ती बुवांकडे आहे.

एल्युआरच्या संत्र्याला किल्ली नाही. तुम्ही तीन आठवडे ती शोधत होतात, म्हणून दमलात. पण एक करून बघा. लहानपणी देवळात तो अभंग पहिल्यांदा ऐकला असेल, बुवांनी निरूपण सुरू करण्याआधीचा तो क्षण आठवा. तेव्हा तुमच्यासमोर खरोखरची मुंगी होती, तिने खरोखरचा सूर्य गिळला होता आणि तुम्ही डोळे विस्फारून बसला होतात. अतिवास्तववादी कविता तुम्हाला त्या क्षणात ठेवू बघते आणि निरूपण करत नाही.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे. तो इतका मोठा की उभ्याने एका नजरेत मावत नाही, आणि त्याच्या आकृतीच्या आत मासे आणि इतर प्राणी कोरलेले आहेत. ज्यांनी कोरला त्यांनी मागे एक अक्षरही ठेवलेलं नाही. मी तिथे गेले तेव्हा उन्हात त्या रेषेवरून चालत हत्तीभोवती फिरले, मग आत शिरून मासे पाहिले. तासभर पायाखाली हत्ती होता. अर्थ कळला नाही म्हणून मी रिकामी परत आले असं मला वाटलं नाही. तुमच्या पुस्तकातल्या कवितांभोवतीही असंच फिरायचं.

थोडी हकिगत सांगायला हवी, म्हणजे ही मंडळी नुसती गंमत करत नव्हती हे लक्षात येईल. या चळवळीचा पुढारी आंद्रे ब्रेताँ पहिल्या महायुद्धात वैद्यकीचा विद्यार्थी होता आणि आघाडीवरून मन मोडून आलेल्या सैनिकांच्या इस्पितळात काम करत होता. तिथे त्याने माणसाच्या मनातून आपसूक बाहेर पडणारी भाषा ऐकली. १९१९ मध्ये त्याने आणि फिलिप सूपोने मनावरचा पहारा उठवून, न थांबता, न खोडता लिहायचा प्रयोग केला. १९२४ मध्ये ब्रेताँचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा आला. त्यात त्याने पिएर रेव्हेर्दी या कवीचं १९१८ मधलं एक म्हणणं उचललं होतं: एकमेकींपासून दूर असलेल्या दोन वास्तव गोष्टी जवळ आणल्या की प्रतिमा जन्मते, त्या जितक्या दूरच्या आणि त्यांचं नातं जितकं नेमकं, तितकी ती जोरकस. ब्रेताँची भर अशी की हे ठरवून जुळवता येत नाही, ठिणगी आपली आपण पडते. १ जूनला मासेमारी बंद झाली की आमच्याकडे होड्या वर ओढून झापांनी झाकून ठेवतात. फणसाच्या बुंध्याला टेकलेली होडी मी लहानपणापासून पाहते आहे, आणि रेव्हेर्दी वाचला तेव्हा मला पहिली तीच दिसली.

आता भाषेचं, म्हणजे अनुवादाचं. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण तुमच्या डोक्यात बसलेली ओळ मी स्वतः अनेकदा मराठीत आणून पाहिली आहे. ती १९२९ च्या संग्रहातली आहे. फ्रेंचमध्ये शब्दांचा क्रम असा: पृथ्वी आहे निळी, जसं संत्रं. वाचक ‘पृथ्वी निळी आहे’पर्यंत निर्धास्त असतो, समुद्र आणि आभाळ डोळ्यांपुढे येतं, आणि मग शेवटच्या शब्दाला पायाखालची पायरी नाहीशी होते. मराठीत सरळ वाक्य असं होतं: पृथ्वी संत्र्यासारखी निळी आहे. इथे धक्का कुठे बसतो पाहा. ‘पृथ्वी संत्र्यासारखी’ इथपर्यंत आपण मान हलवतो, कारण भूगोलाच्या तासाला आपण हेच शिकलो, पृथ्वी संत्र्यासारखी गोल आणि दोन्ही ध्रुवांपाशी किंचित चपटी. आता ‘गोल’ येणार म्हणून आपण थांबलेले असतो, आणि येतं ‘निळी’.

म्हणजे मराठीने धक्का उचलून दुसऱ्या जागी ठेवला. फ्रेंच ओळ संत्र्यावर फुटते, मराठी ओळ निळ्यावर. काही हरवलं का? हो. फ्रेंचमध्ये फळाचं आणि रंगाचं नाव एकच आहे, त्यामुळे निळा आणि नारिंगी हे दोन रंग त्या एका शब्दात समोरासमोर उभे राहतात. मराठीत संत्रं म्हटलं की आधी साल, फोडी, वास. रंगाला आपण केशरी किंवा नारिंगी म्हणतो. रंगांची टक्कर हवी असेल तर ‘नारिंग’ घ्यावं लागतं, पण मग भूगोलाचं पुस्तक सुटतं. मी शेवटी संत्रं ठेवलं. दुसरा अनुवादक नारिंग घेईल आणि त्याचंही बरोबर असेल.

याच ओळीवर मी एकदा मोठी चूक केली होती. सावंतवाडीत एका छोट्या वाचनाला श्रोत्यांना सोपं जावं म्हणून मी वाचलं: पृथ्वी संत्र्यासारखी गोल आणि निळी. सगळ्यांना समजलं. माना हलल्या आणि पुढे काहीही झालं नाही. ओळ माझ्या हातात मेली. दोन वर्षांनी तिथेच ‘गोल’ काढून वाचली, तर मागच्या बाकावरून एक बाई म्हणाल्या, ‘परत वाचा बघू.’ तेव्हापासून मी अनुवादात मदतीचा एकही शब्द घालत नाही. कवितेतली पुढचीच ओळ सांगते की चूक कधीच नाही, शब्द खोटं बोलत नाहीत. मी त्या शब्दांवर भरवसा ठेवायला कमी पडले होते.

तर इथवरचं असं: अर्थ न लागणं हा तुमचा दोष नाही, आणि अनुवाद ही मूळ कवितेची फिकट छापील प्रत नाही. धक्का दुसरीकडे बसतो, पण बसतो. तुम्हाला जे झालं तो भास नव्हता.

मात्र हे सगळ्याच अनुवादांबद्दल म्हणता येणार नाही, आणि तुमच्या हातात कोणता आहे त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. अतिवास्तववादी कवितेच्या अनुवादात एक विशेष धोका असतो. मूळच विचित्र असल्याने अनुवादकाची चूकही कवीची करामत म्हणून खपून जाते. मी ओळखायला एक साधी खूण वापरते. या कवींचं व्याकरण बहुतेक वेळा अगदी सरळ असतं, अशक्य असतात त्या वस्तू. तेव्हा ओळ मोठ्याने वाचा. वाक्य पाण्यासारखं वाहिलं आणि तरी डोळ्यांपुढे अशक्य काही उभं राहिलं, तर ते कवीचं. वाक्यातच ठेच लागली, कोण कोणाला काय करतंय तेच कळेना, आणि वस्तूही धूसर, तर बहुधा ते अनुवादकाचं. खूण दर वेळी चालत नाही, काही कवी वाक्यही मोडतात. पण निम्म्याहून अधिक वेळा मला तिचा उपयोग झालाय.

दुसरी खूण शब्दांची. या कवितांतले शब्द घरातले असतात. लोत्रेआमाँ या लेखकाचं एक वाक्य १८६९ मधलं आहे, अतिवास्तववाद्यांनी या लेखकाला आपला पूर्वज मानलं. त्यात सौंदर्याची उपमा काय, तर प्रेत फाडायच्या टेबलावर शिवणाचं मशीन आणि छत्री यांची अचानक पडलेली गाठ. मशीन, छत्री, टेबल. यांना ‘सीवनयंत्र’ आणि ‘छत्र’ केलं की सगळं संपलं. मराठीत परकी कविता आणताना आपली भाषा उगाच सोवळं नेसते, ही आपली जुनी खोड. राजापूरला जन्मलेल्या सदानंद रेग्यांनी मायकोव्हस्की या रशियन कवीच्या दीर्घकवितेला ‘पँट घातलेला ढग’ म्हटलं. मायकोव्हस्की अतिवास्तववादी नव्हे, कविताही आधीची, पण ते शीर्षक बघा. ढगाला विजार किंवा वस्त्र न देता पँट दिली, म्हणून तो ढग दिसतो. रेग्यांच्या स्वतःच्या कविता मिळाल्या तर जरूर वाचा, या रस्त्यावर कोकणचा माणूस आधीच चालून गेलाय.

घरगुती शब्द याचा अर्थ गावठी बदल असा मात्र घेऊ नका. संत्र्याच्या जागी हापूस घालावा असं मला एकदा सुचवलं गेलं होतं. नको. हापूस आला की मागून देवगड, पेट्या, भाव, आढी, सगळं येतं आणि कविता बाजारात जाऊन बसते.

काही गोष्टी अनुवादातून मुळीच येत नाहीत, तेही सांगायला हवं. याच गटातला कवी रोबेर देस्नोस १९२२-२३ च्या काळात अर्धवट झोपेत शब्दांची उलटापालट करून वाक्यं बोलायचा. त्यातला सगळा जीव नादात आहे. एका अक्षराची जागा बदलली की वाक्य पालटतं. ते फ्रेंचमध्येच राहणार. तुमच्या पुस्तकात ती असतील आणि कोरडी वाटली असतील तर सरळ पान उलटा.

पण त्याच देस्नोसची १९२६ ची प्रेमकविता बघा. फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून मराठीत असे दोन प्रवास करूनही ती उभी राहते, कारण तिचं वजन कल्पनेवर आहे. पहिल्या ओळीचा आशय असा की तुझी इतकी स्वप्नं पाहिली की तू खरी उरली नाहीस. मी आधी असंच लिहिलं होतं. मग लक्षात आलं की मराठीने हळूच काहीतरी ठरवून टाकलं. ‘खरी’, ‘उरली’. फ्रेंच ओळीत समोरची व्यक्ती स्त्री की पुरुष हे व्याकरण सांगत नाही, ती नुसती ‘तू’ आहे, जवळजवळ सावली. शेवटी मी केलं: तुझी इतकी स्वप्नं पाहिली मी, की तुझं खरेपण सुटत चाललंय. लिंगही गेलं, आणि ‘चाललंय’मुळे ते सुटणं अजून चालू राहिलं. या एका ओळीला मला चार दिवस लागले, आणि ते माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. देस्नोस पुढे नाझींविरुद्धच्या गुप्त चळवळीत होता. १९४४ मध्ये पकडला गेला आणि युद्ध संपल्यावर महिन्याभरात, जून १९४५ मध्ये, तेरेझिनच्या छावणीत टायफसने वारला. हे माहीत झाल्यावर ती ओळ वेगळी ऐकू येते. माहीत नसतानाही ती मला लागली होती.

मराठीच्या व्याकरणाची अशी गाठ दुसऱ्या एका ठिकाणीही पडली. १९२५ च्या सुमारास या मंडळींनी घडीच्या कागदाचा खेळ काढला होता. प्रत्येकाने एक शब्द लिहायचा, कागद दुमडायचा, पुढच्याला द्यायचा. त्यातून निघालेल्या एका वाक्यावरून खेळालाच नाव पडलं: देखणं प्रेत नवी दारू पिईल. पावसात वीज गेली की पडवीत शेजारची मुलं घेऊन मी हा खेळते. सुरुवातीला सारखं अडायचं. ‘पडला, पडली, पडलं’ यातलं काय लिहायचं हे कर्ता माहीत असल्याशिवाय कसं ठरणार, आणि तो तर घडीच्या आत. एके दिवशी एका मुलीने शेवटच्या घडीवर ‘गिळेल’ लिहिलं आणि पेच सुटला. भविष्यकाळात मराठी क्रियापद लिंग विचारत नाही. कागद उघडला तर वाक्य होतं: गरीब विहीर मामाचं कुलूप गिळेल. मग मुलांना मालवणीत खेळायचं होतं, आणि तिथे पुन्हा अडलं, कारण मालवणीत ‘तो गिळतलो, ती गिळतली’, भविष्यातही लिंग सुटत नाही. मी घरात जाऊन मूळ फ्रेंच वाक्य पाहिलं. तिथलंही क्रियापद भविष्यकाळीच होतं. तुमच्या घरी मुलं असतील तर खेळून बघा. तासाभरात या कवितेबद्दल जे कळेल ते समीक्षेच्या पुस्तकातून कळायला वर्ष लागेल.

आता तुमच्या पत्रात नसलेलं एक नाव. एमे सेझेर, कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावरचा कवी. १९४१ मध्ये युद्धातून पळून जाताना ब्रेताँ त्या बेटावर अडकला, मुलीसाठी रिबन घ्यायला एका दुकानात शिरला, आणि तिथे ठेवलेल्या एका नियतकालिकात त्याला सेझेरचं लिखाण दिसलं. तोवर सेझेरची मायदेशी परतण्याबद्दलची दीर्घकविता छापून दोन वर्षं झाली होती. समुद्र, उष्ण हवा, गरिबी, बाहेर शिकायला गेलेल्या मुलाचं परत येणं, हे कोकणच्या वाचकाला कोणी समजावून सांगायला नको. त्या कवितेत एक ओळ पालुपदासारखी परत परत येते, शब्दशः ‘छोट्या सकाळीच्या टोकाला’. इंग्रजी अनुवादकांपैकी कोणी रात्रीचे शेवटचे प्रहर धरलेत, कोणी दिवस उजाडणं. आपल्याकडे ‘झुंजुमुंजू’ आहे, काळोख पातळ झालाय पण माणूस ओळखू येत नाही ती वेळ. रापणीला माणसं किनाऱ्यावर निघतात ती. मी ती ओळ ‘झुंजुमुंजूच्या टोकाला’ अशी वाचते, आणि मला वाटतं इंग्रजीपेक्षा ती इथे जास्त घरी आहे.

वाचायचं कसं, असंही शेवटी विचारलंय. जाहीरनाम्यापासून सुरुवात करू नका, तो नंतर. एल्युआर आणि देस्नोस आधी, सेझेर सावकाश, ब्रेताँच्या लांब कविता सगळ्यात शेवटी. एका दिवशी एकच कविता, आणि ती मोठ्याने. संपली की लगेच दुसरीकडे जाऊ नका, उठून चहा टाका, त्या वेळात एखादी प्रतिमा आपोआप परत येते. एकाच कवितेचे दोन अनुवाद मिळाले तर शेजारी ठेवा. जिथे दोन्ही जुळतात तिथे बहुधा मूळ घट्ट आहे, जिथे फारकत घेतात तिथे फ्रेंचमध्ये काहीतरी हलतंय, आणि फ्रेंच न येताही तिथवर तुमचा हात पोचतो. एखादी कविता दोनदा वाचूनही काहीच देत नसेल तर सोडून द्या. मलाही सगळ्या लागत नाहीत.

आणि तुमच्याकडच्या मराठी अनुवादात ती ओळ नेमकी कशी आहे ते मला कळवा. त्यात संत्रं आहे की नारिंग, आणि ‘निळी’ वाक्यात कुठे आलंय?